बारा गावांचं गाऱ्हाणं

मंडळी हा शब्द ऐकला की अजून माझ्या कपाळाला आठी पडते. चार डोकी एकत्र आली की काम सोपं होतं असं ज्यानं कुणी म्हटलं, त्यानं आमची व्यापारी मंडळी पाहिलेली नव्हती. आम्ही अकरा दुकानदार होतो आणि अकराजण मिळून एका माणसाचं कामही धड करत नव्हतो. त्या मंडळीचा चिटणीस मी होतो. म्हणजे जी काही फजिती झाली तिच्यात माझा वाटा सगळ्यांत मोठा, आणि तो लपवायला मी हे लिहायला बसलेलो नाही.

आमची पेठ एका उंचवट्यावर होती. पुढून काळी नदी, मागून तिला मिळणारा ओढा. पावसाळ्यात ओढा फुगून मागची भाताची खाचरं बुडाली की पेठेचं बेट व्हायचं, आणि चार महिने आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसायचो. पाऊस सरला की ओढ्याला घोटाभर पाणी. तरी खानापूर-बेळगावकडचे गाडीवान बारा महिने आम्हाला 'बेटवाले' म्हणूनच हाका मारत. आम्हीही मग मंडळीचं नाव तेच ठेवलं, बेट व्यापारी मंडळी.

मी मूळचा खानापूरकडचा. वडील गेल्यावर भावांशी माझं भांडण झालं. कशावरून ते आता सांगण्यासारखंही नाही, पण आवाज माझा मोठा होता. "पुन्हा या उंबऱ्यात आलो तर नाक घासत येईन," असं सगळ्या आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलून मी बायकोला घेऊन निघालो. थोरला भाऊ ओट्यावर बसून सुपारी कातरत होता. तो एवढंच म्हणाला, "वर्षभरात येशील." ते वाक्य मी तीन वर्षं उशाला घेऊन झोपलो. पेठेत मी लोखंडी सामानाचं दुकान थाटलं. कोयते, विळे, कुऱ्हाडी, नांगराचे फाळ. काहीही झालं तरी परत जायचं नाही, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

आणि ते सगळं टिकून होतं रविवारच्या बाजारावर. नंदिगड्डे, बाजारकुणंग, पार कुळगीच्या रानापासून माणसं पहाटे डोक्यावर ओझी घेऊन निघायची. तांदूळ, मध, शिकेकाई, मिरी, बांबूच्या टोपल्या आणायची आणि मीठ, सुकी मासळी, कापड, लोखंड घेऊन दुपारी परतायची. बाकीच्या सहा दिवसांत माझा एखादा विळा खपला तर खपला. बाजार होता म्हणून पेठ होती.

मंडळीनं काय काय केलं ते सांगतो. आधी पाटी करायची ठरली. ती मराठीत की कानडीत यावर दोन बैठका झाल्या. शेवटी दोन्हींत लिहायचं ठरलं, तेव्हा फळी पुरेना. मग सगळ्या पेठेत धान्याचं एकच माप ठेवायचं ठरलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकजण 'हेच ते एक माप' म्हणून आपापल्या घरचं माप घेऊन आला. ओढ्याच्या उताराजवळ एक कंदील टांगायचा होता, बाजाराहून उशिरा परतणाऱ्यांसाठी. तो कंदील आमच्या अध्यक्षांच्या पडवीत टांगला गेला. अध्यक्ष म्हणजे पेठेतले कापडाचे व्यापारी, बेळगावचे, अंगानं भरलेले आणि स्वभावानं सावकाश. "पडवीत वारा लागत नाही," असं त्यांचं म्हणणं. एक ना धड भाराभर चिंध्या, असा सगळा कारभार. बैठकीहून घरी आलो की मी भांडी आदळायचो आणि बायको म्हणायची, "भांड्यांनी काय केलंय?"

अशात बातमी आली. बाजार नदीपलीकडे हलवावा असं सरकारच्या मनात आहे. पलीकडे हल्याळची सडक येऊन पोचत होती, गाड्या थेट उभ्या राहतील म्हणून. आमच्यापैकी कुणाची पलीकडे वीतभर जागा नव्हती, आणि हल्याळच्या बड्या व्यापाऱ्यांनी आधीच तिथं खुंट्या मारून ठेवल्या होत्या. प्रांतसाहेबांचा तळ थंडीत पलीकडे पडणार होता. एका रविवारी ते स्वतः येऊन बाजार बघणार, आणि बाजार भरलेला दिसला तर तो आहे तिथंच राहील, असा निरोप होता.

मला वाटलं, यात अवघड काय आहे? बाजार दर रविवारी भरतोच. साहेबानं यावं आणि डोळे भरून बघावं.

पण मंडळी कसली गप्प बसते! चार बैठका झाल्या. हार कुणी घालायचा, कमान केळीच्या खांबांची की पोफळीच्या, मानपत्र उभ्यानं वाचायचं की बसून. मानपत्र मी लिहिलं. त्यात एक वाक्य होतं, 'बारा गावांची रयत दर रविवारी या पेठेत लोटते.' त्या वाक्यावर मी खूश होतो. चौथ्या बैठकीत अध्यक्ष डोळे मिटून म्हणाले, "देवीला गाऱ्हाणं घातलं पाहिजे. तिच्या रानात आपण राहतो. चिटणिसांनी जाऊन यावं."

चिटणीस म्हणजे मी. कमान उभारायची तीही मीच, मानपत्र मीच, आणि आता देवीकडेही मीच. मी चरफडत गेलो.

देवीचं ठाणं कोसभर आत, दाट रानात. तिथलं गाऱ्हाणं घालायचा मान बुधवंताचा. बुधवंत म्हणजे त्या बारा गावांचा वडीलधारा, ज्याचा शब्द खाली पडत नाही असा. म्हातारा काटक होता, माझ्याकडूनच कोयते न्यायचा आणि धार अंगठ्यावर बघत तासभर बोलायचा. मी त्याला मामा म्हणायचो. मी नारळ पुढं केला आणि सांगितलं, "मामा, येत्या रविवारी मोठा साहेब येतोय. बाजार पलीकडे न्यायचं त्याच्या मनात आहे. त्याचं मन फिरू दे, असं मागा."

म्हातारा गंभीर झाला. "बाजार न्हेणार? आन आमी मीठ कुठनं आनायचं? डोक्यावर वजं घेऊन न्हय कोन वलांडील?"

"म्हणून तर आलोय."

त्यानं नारळ हातात फिरवला. "गाऱ्हाणं पेठेचं घालू, का बारा गावांचं?"

"फरक काय?"

"पेठेचं म्हंजे तुमच्यापुरतं. बारा गावांचं म्हंजे जड. देवी ऐकतीच. पन बारा गावांचं घातलं की मग त्या दिशी..."

मला उशीर होत होता. कमानीच्या पोफळी अजून तोडायच्या होत्या. "ठाऊक आहे मामा, तीन वर्षं झाली मला इथं," मी म्हणालो. "बारा गावांचंच घाला. हात आखडता नको."

म्हाताऱ्यानं माझ्याकडं कौतुकानं पाहिलं. मग त्यानं नारळ ठेवून लांबलचक गाऱ्हाणं घातलं, आणि मागं उभे असलेले चार-पाच जण प्रत्येक ओळीला 'व्हय म्हाराजा' म्हणत राहिले. मी आपला एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होतो. रविवारी सगळ्यांनी बाजाराला या, हे मी बोललोच नाही. दर रविवारी येणाऱ्यांना काय आमंत्रण द्यायचं?

रविवार उजाडला. कमान झाली होती, सडा पडला होता. मी फाळ आणि कोयते पुसून ओळीनं मांडले. उन्हं ओढ्यावर आली तरी समोरच्या पायवाटेवर माणूस दिसेना. एरवी या वेळी ओझ्यांची रांग लागलेली असायची. "थंडी आहे," अध्यक्ष म्हणाले. उन्हं पेठेत आली. एक वासरू येऊन कमानीची पानं खाऊ लागलं. त्याला हाकलायला मात्र मंडळीचे पाचजण एकदम धावले.

मला राहवेना. मी ओढा ओलांडून जवळच्या वाडीकडं अक्षरशः पळत गेलो. बघतो तर सगळी माणसं अंगणात. आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून गप्प बसलेली. कुऱ्हाडी आणि कोयते एका कोपऱ्यात आडवे घालून ठेवलेले. जातं बंद, मुसळ बंद. मी ओरडलो, "अरे, बाजाराला का आला नाहीत?"

एक म्हातारी उठून जवळ आली आणि हळू बोला अशी खूण करून म्हणाली, "आज पाळणूक न्हवं? तुमच्याच बाजारापायी. बारा गावांचं गाऱ्हाणं घातलंय. शीव वलांडायची न्हाई, वजन-माप करायचं न्हाई, लोखंडाला हात लावायचा न्हाई. समद्या गावांनी पाळलंय बगा. एक मानूस भायेर न्हाई."

तिच्या तोंडावर अभिमान होता. गावं वार पाळतात हे मला काय ठाऊक नव्हतं? आमच्या खानापूरकडंही पाळतात, पण तिथं आधी दवंडी पिटतात. इथं दवंडी नसते. नारळ ठेवला की बारा गावांना कळतं, आणि हेच म्हातारा मला सांगत होता. मी त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं. पेठेतले आम्ही सगळे उपरे, सांगणारं दुसरं कुणी नव्हतंच.

मी परत येईपर्यंत साहेब आले होते. मंडळीनं आपल्या परीनं बाजार भरवला होता. अध्यक्ष वाण्याच्या दुकानातून गुळाची ढेप विकत घेत होते, घेतलेली ढेप शेजाऱ्याच्या हातात देत होते, आणि शेजारी तीच ढेप घेऊन मागल्या दारानं पुन्हा वाण्याकडं निघाला होता. साहेबांचा शिरस्तेदार हे सगळं बघत होता. अध्यक्षांनी मला पाहताच मानपत्र हातात कोंबलं. मी धापा टाकत वाचायला लागलो, आणि 'बारा गावांची रयत दर रविवारी या पेठेत लोटते' इथं आलो तेव्हा साहेबांनी मान वळवून दोन्ही बाजूंना पाहिलं. तिथं ते वासरू होतं.

मी कागद खाली केला आणि खरं काय झालं ते सांगून टाकलं. साहेबांना मराठी बरं येत होतं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे बाजार राहावा म्हणून बाजार बंद ठेवला?"

"होय साहेब," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

शिरस्तेदाराला हसू आवरेना. साहेब मात्र माणूस बरा होता. ते म्हणाले, "पुढच्या रविवारपर्यंत माझा तंबू पलीकडे आहे. त्या दिवशी पुन्हा येईन. बाजार दिसला तर राहील. नाही दिसला तर पलीकडे जाईल." शिरस्तेदार नदी उतरून जाईपर्यंत खो खो हसत होता.

मला त्या रात्री तीन वर्षांत आली नव्हती अशी झोप आली. आठवडा हातात होता. सकाळी उठून बुधवंताकडं जायचं, वाक्य न तोडता त्याचं ऐकायचं आणि सरळ सांगायचं की मामा, देवीला पुरे, आता माणसं पाठवा. बायकोनं भाकरी बांधून दिली. मी दार उघडलं तर म्हातारा दारातच. मागं नंदिगड्ड्याची, बाजारकुणंगाची माणसं. सगळ्यांची तोंडं उजळलेली.

"झालं न्हवं काम?" म्हातारा म्हणाला. "साहेब खूश झाला. त्याचा मानूस हासत हासत न्हय उतारला. डोंगरावरनं आमच्या लोकांनी बघितलं."

मी तोंड उघडलं. पण मी काही बोलायच्या आधीच त्यानं धोतराच्या सोग्यातून अर्धी वाटी खोबरं काढून माझ्या हातावर ठेवलं. "आज पाटंच नारळ ठिवून देवीची फेड करून आलो. येवडं मोठं काम केलं तिनं, ऱ्हिन ठेवू नये. येत्या आयतारी बी बारा गावं पाळनार. समद्यांनी व्हय म्हटलंय."

"मामा," मी विचारलं, "ठेवलेला नारळ मागं घेता येतो का?"

त्याचं हसू थांबलं. "मागं? देवीचं?" तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. "का? कायतरी चुकलं काय आमचं?"

आयुष्यात मी फार लोकांवर ओरडलो. भावांवर, बायकोवर, मंडळीवर. त्या दिवशी ओरडायला माझ्याकडं हवं तेवढं कारण होतं, आणि ज्याच्यावर ओरडावं असा समोर एकही माणूस नव्हता. "नाही मामा," मी म्हणालो. "तुमचं काही चुकलं नाही." आणि खोबरं तोंडात टाकलं.

पुढच्या रविवारी साहेब आले आणि कमान न बघताच परत गेले. मी दुकान उघडलं नव्हतं. त्या दिवशी मीही लोखंडाला हात लावला नाही. सोमवारी कोयते, विळे, फाळ पोत्यांत भरले आणि गाडी खानापूरच्या वाटेला लावली.

थोरला भाऊ ओट्यावर तसाच बसला होता. मी उंबऱ्यापाशी थांबलो. नाक घासायची माझी तयारी होती. तो म्हणाला, "तीन वर्षं काढलीस की." मग त्यानं विचारलं, "काय झालं? माणसं वाईट होती काय तिथली?"

"न्हाई अण्णा," मी म्हणालो. "लई केलं त्यांनी आमच्यासाठी."