खडूची गाडी

आमच्या ह्यांनी लग्नाच्या वेळी दोनच मुली पाहिल्या. पहिलीने नकार दिला, दुसरी मी. त्यामुळे दहा ठिकाणी बघावं, नाकं मुरडावीत, तुलना करावी ही त्यांची हौस राहूनच गेली. ती त्यांनी साठीच्या तोंडावर गाड्यांवर फेडून घेतली.

साध्या गाड्या नव्हेत. दगडधोंड्यांवरून, ओढ्यानाल्यांतून जाणाऱ्या, चारही चाकांना जोर असलेल्या उंच गाड्या. कारण ह्यांना हिमाचलातल्या स्पितीला जायचं होतं. नुसतं जायचं असतं तर सहल काढणारे पुष्कळ होते, बर्फात गरम वरणभातही वाढला असता त्यांनी. ह्यांना स्वतःच्या गाडीने जायचं होतं आणि ती स्वतः चालवायची होती. फोर्टातल्या ऑफिसात पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या विम्याचे कागद पुढे सरकवलेल्या माणसाची ही एकच इच्छा होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. आमची छोटी सेकंडहँड गाडी ते अशा ऐटीत चालवत की बघणाऱ्याला वाटावं, मागे साहेब बसलेत. मागे नारळांचं पोतं असे. कोकणात जाताना घाटात वळण आलं की खिडकीतला हात आत घेत आणि मला म्हणत, "आता बोलू नको." मी काही बोलायची थांबत नसे. पण वळण ते सुरेख घेत, पोटातलं पाणी हलत नसे. हे मी त्यांच्या तोंडावर कधी कबूल केलं नाही.

तुलनेसाठी एक दोनशेपानी वही आली. तिच्यात तीन गाड्या होत्या. त्यांची खरी नावं मला पाठ होईनात, म्हणून मी माझी ठेवली. धाकटी अंगाने हलकी, पेट्रोलवर चालणारी, बकरी चढेल तिथे चढेल अशी तिची कीर्ती. पण सामान भरायचं तर माणसं उतरवायला लागतील. मधली डिझेलची, रांगडी, तीनच दारांची. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून अंग चोरून शिरायचं. थोरली सात जणांची, आत सोफ्यासारख्या सीट आणि लांबी साडेपंधरा फूट. आमची खोली पंधरा फुटांची.

वहीत रकाने होते. गाडीचं पोट जमिनीपासून किती वर, किती खोल पाण्यातून पार होते, एका टाकीत किती लांब जाते, चाक पंक्चर झालं तर एकट्याला बदलता येतं का. मी म्हटलं, "अहो, एक रकाना माझाही घाला. निवडलेली मेथी आणि दहा किलो तांदूळ घेऊन मला आत चढता येतं का?" त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि वही मिटली.

लोअर परळला, जिथे माझे सासरे गिरणीत साच्यावर उभे राहत, त्याच्या आसपास आता काचेचं शोरूम आहे. तिथे आम्ही इतक्यांदा गेलो की विकणारी मुलगी आमच्यासाठी न विचारता बिनसाखरेचा चहा सांगू लागली. पहिल्या दिवशी तिने विचारलं होतं, "सर, गाडीचा युसेज काय असेल?"

"स्पिती," हे म्हणाले.

"आणि मंगळवारी लालबागची मच्छी," मी म्हटलं.

तिने दोन्ही लिहून घेतलं. हुशार मुलगी होती.

खडूचं प्रकरण थोरलीमुळे सुरू झालं. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत गाडीची जागा म्हणजे पटांगणातली पाण्याची टाकी आणि गणपतीच्या मंडपाच्या खांबांचे खड्डे यांच्या मधली. ती कागदावर कुणाची नाही, पण चौदा वर्षं आमची छोटी तिथे उभी असते म्हणून आमची. नवी तिथे मावेल का, हे पाहायला ह्यांनी एका रविवारी छोटी बाहेर रस्त्यावर लावली, टेप घेतली, खडू घेतला आणि थोरलीची आकृती फरशीवर काढली. निळ्या खडूने. मग तिच्यात गुलाबी खडूने मधली आणि पांढऱ्याने धाकटी. एकात एक अशा तीन गाड्या. वरच्या तिन्ही मजल्यांच्या कठड्यांवर माणसं जमली.

आमच्या चाळीत नव्या गोष्टीला मान आहे. दुसऱ्या दिवसापासून लोक त्या रेघांवर पाय न देता वळसा घालून जाऊ लागले. दुधवाल्याने सायकल लावली तर कुणीतरी ओरडलं, "अरे, गाडी उभी आहे ना तिथे!" रेघा पुसट झाल्या की हे आंघोळीआधी जाऊन पुन्हा ठसठशीत करत. रविवारी मंडळाच्या चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या आत मांडून बसण्याची चाचणी होई. पुढे उजवीकडे हे, नेहमीच. बाकीच्या तीन खुर्च्यांवर ज्याला वेळ असेल तो. डावीकडच्या खुर्चीतून मी मात्र उठवली जाई, कारण म्हणे मी चाचणी गांभीर्याने घेत नसे.

तळमजल्यावर एक मालवणच्या आजी राहतात. चाळीत त्यांच्याहून जुनं फक्त जिन्याचं लाकूड. त्यांनी खिडकीतूनच विचारलं, "किती दिस ठेवतलंस ही गाडी हयसर? माका मिरसांगो सुकत घालूच्यो आसत. जरा बाजूक घे."

ह्यांनी खरोखरच आजींच्या मिरच्यांसाठी डावीकडची रेघ पुसून गाडी हातभर सरकवली. चाळ आठवडाभर हसली.

त्याच दिवसांत चष्म्याचा नंबर बदलायला आम्ही गिरगावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. काळ्या भांड्यात डोकं घालून दिवा दिसला की बटण दाबायचं, अशी एक तपासणी त्यांनी केली. मी बाहेरून बघत होते. बराच वेळ हे बटण दाबतच नव्हते. मला वाटलं, ह्यांना डुलकी लागली.

काचबिंदू निघाला. समोरचं स्वच्छ दिसतं, पण कडा झिजत येतात. डावी बाजू जास्त गेली होती. गेलेलं परत यायचं नव्हतं, उरलेलं औषधाच्या थेंबांनी राखायचं होतं. डॉक्टर म्हणाले, "गाडी चालवणं बंद. मुंबईत नको, घाटात तर नाहीच नाही."

ह्यांनी विचारलं, "आणि नुसतं बघायला जायचं असेल तर?"

"जा की. पण लवकर जाऊन या."

येताना टॅक्सी केली. ऑपेरा हाऊस गेलं, भायखळा आलं. मग हे म्हणाले, "थोरलीला वळायला जागा फार लागते, नाही?"

"हो," मी म्हटलं. "फार."

त्यानंतर सहा महिने तुलना चालू राहिली. आता मात्र एकही गाडी पास होईना. धाकटीचा आवाज फार. मधलीची दारं जड. थोरलीचा रंग डोळ्यांना बोचतो. दर महिन्याला नवीन खोट. आमच्या छोटीची किल्ली त्यांनी खिळ्याला अडकवली आणि म्हणाले, बॅटरी जरा कमजोर वाटते. मला सगळं कळत होतं. गाडी निवडली की ती घरी येणार, घरी आली की कुणीतरी उजवीकडे बसणार, आणि तो कुणीतरी हे नसणार. निवडलीच नाही तर अजून तेच चालवणारे होते. पण डॉक्टरांनी लवकर म्हटलं होतं, आणि लवकर म्हणजे किती ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. नवरा रेघा ओढत बसणार आणि एक दिवस तो डोंगर समोर उभा असूनही त्याला दिसणार नाही, याची मला भीती होती.

तरी मी चेष्टा सोडली नाही. सोडली असती तर त्यांना वाटलं असतं, ही कीव करतेय. मी म्हणायची, "अहो, तुम्ही असे मुली बघत बसला असतात तर अजून बोहल्यावर चढला नसतात." ते हसायचे आणि खडू घेऊन खाली जायचे.

माझ्याकडे लायसन्स होतं. दादरच्या एका मोटार ट्रेनिंग स्कूलमधून मी ऐन चाळिशीत ते मिळवलं होतं आणि ओळखपत्र म्हणून ते फार उपयोगी पडलं. घरात ड्रायव्हरच्या जागेला उमेदवार एकच होता. डॉक्टरांच्या त्या भेटीनंतर मी रविवारी सकाळी रस्त्यावर लावलेली छोटी चालवू लागले. सांगायला कारण होतंच, बॅटरी उतरू नये म्हणून. रस्ते रिकामे असताना शिवडीपर्यंत जायचं, यायचं. पहिल्यांदा घोडपदेवच्या चढावर गाडी तीनदा बंद पडली आणि एका टेम्पोवाल्याने माझ्या सात पिढ्यांची चौकशी केली. ह्यांना म्हटलं, "सोबत चला." ते म्हणाले, "मला पेपर वाचायचाय." माझ्या डावीकडे ते एकदाही बसले नाहीत. मला राग आला. चाळिसाव्या वर्षी शिक म्हणून मागे लागलेला हाच माणूस होता.

मग मिरच्यांचा दिवस उजाडला. एप्रिलचं ऊन, चाळीतल्या बायकांचा मसाला लालबागला कुटायला जायचा होता, आणि पटांगणभर धुतलेल्या चादरींवर मिरच्या पसरल्या होत्या. आजींची चादर गाडीच्या डाव्या अंगाला, रेघेला लागून. त्यांनी तो शेजारधर्म कटाक्षाने पाळला होता, एक मिरची आत नव्हती. हे मधलीचं दार किती उघडतं ते मोजायला टेप ताणत मागे मागे आले आणि सरळ चादरीच्या मधोमध उभे राहिले. पायाखाली करकर वाजली तरी क्षणभर कळलं नाही. मग मान पूर्ण वळवून त्यांनी खाली पाहिलं.

आजी खिडकीत आल्या. "मरे, गाडी उभी आसा, तरी अपघात केलंस!"

चाळ फुटल्यासारखी हसली. हेही हसले, वाकून मिरच्या गोळा करू लागले. डाव्या हाताशी असलेल्या मिरच्या त्यांच्या हाताला लागत नव्हत्या. ते उजवीकडच्याच उचलत होते. मी कठड्याला धरून उभी होते. एवढी वर्षं त्यांना हसत आले, त्या दिवशी मला हसता येईना.

हात धुऊन ते वर आले, तिखटाने शिंकत. जेवले. वामकुक्षीला आडवे झाले नाहीत. वही उघडून बसले. चहाच्या वेळेला म्हणाले, "खाली येतेस? चाचणी आहे."

"मी गांभीर्याने घेत नाही."

"आज घेशील."

खाली गेले तर त्यांनी गाडीपुरती फरशी झाडून काढलेली. निळी रेघ पुसलेली, गुलाबीही. फक्त पांढरी, धाकटी, नव्याने ओढलेली. आत दोनच खुर्च्या. उजवीकडच्या खुर्चीवर आमच्या पलंगावरची उशी ठेवलेली होती. माझी उंची पाच फुटांना दोन बोटं कमी आहे. वही त्या उशीवर उघडी पडली होती. नवा रकाना होता, त्यांच्या ऑफिसातल्या वळणदार अक्षरात: 'हिचे पाय पोचतात का.' थोरलीपुढे नाही. मधलीपुढे नाही. धाकटीपुढे होय.

म्हणजे ते शोरूममध्ये एकटे जाऊन आले होते. त्या मुलीला माझ्या मापाने सीट पुढे घ्यायला लावली असणार.

"बस," ते म्हणाले, आणि रेघेवर पाय न देता वळसा घालून डावीकडच्या खुर्चीत जाऊन बसले. सावकाश बसले. खिडकीच्या जागी हात टेकला, आणि तिथे काही नाही म्हणून मांडीवर घेतला.

मी उशीवर बसले. समोर टाकी, तिच्यापलीकडे जिना. वर कठड्यांवर माणसं जमली होती.

"अहो, नक्की?" मी विचारलं. "तुम्हाला चालवायची होती."

"होती," ते म्हणाले. "आता बघायचंय. सप्टेंबरात जाऊ. तोवर रोज सकाळी मी येईन शिवडीला. क्लच फार दाबून ठेवतेस तू, इथपर्यंत वास येतो."

मला वाटलं, विषय मिटला. मी उठू लागले तर म्हणाले, "थांब. एक राहिलं. डावीकडचं मला तू सांगायचं. दरी असेल, नदी असेल, जे असेल ते. मी मान वळवेपर्यंत निघून जाईल सगळं. वळणावरसुद्धा बोल. आता गप्प बसायचं नाही."

आयुष्यभर जिने वळणावर तोंड मिटलं नाही, तिला आज बोलायचा हुकूम मिळाला होता. मी दोन्ही हात समोर धरले होते, का ते मला ठाऊक नाही. ते वाट बघत होते, सरळ समोर पाहत.

"डावीकडे मिरच्या आहेत," मी म्हटलं. "लाल आहेत. एक चादर तुम्ही तुडवलीत, बाकीच्या सुरेख वाळल्यात. पुढे आजींची खिडकी आहे. त्या बघताहेत आपल्याकडे, डोळ्यांना पदर लावून."

"तिखट गेलं असेल," हे म्हणाले.

"हो," मी म्हटलं, आणि पुढचं सांगू लागले.