दाढेवरच्या टोप्या आणि चुंबकाचं यंत्र

छत्तीसगड वेगळं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा माझा डावा कान वाजायला लागला आणि चालताना तोल जाऊ लागला. डॉक्टरांनी डोक्याचा एमआरआय लिहून दिला. त्या यंत्रात भला मोठा चुंबक असतो, एवढंच मला कळलं आणि मी हबकलो.

मी तिथल्याच सिलतऱ्याच्या पोलाद कारखान्यात होतो. क्रेनचा चुंबक भंगारावर उतरला की पत्रे, सळया, बोल्ट उडून त्याला चिकटत. रोजच पाहत होतो. आणि माझ्या तीन दाढांवर धातूच्या टोप्या होत्या. लग्नाआधी नागपूरला बसवलेल्या. बसवणारे डॉक्टर वारले होते. टोप्या कशाच्या, कोण सांगणार?

"दाढाच उपटून आल्या तर?" मी बायकोला विचारलं.

"तिथं विचारा ना! मले काहून विचारून राहिले?"

तपासणी केंद्रातली मुलगी मूळची गोंदियाकडची. मराठी समजायची, बोलायची हिंदीत.

"पक्के बसे हैं ना, अंकल? निकलते तो नहीं? फिर आमतौर पर कुछ नहीं होता. फोटो थोड़ा बिगड़ेगा, बस." मग फॉर्मवरची माझी नोकरी वाचून ती थांबली. "आँख में कभी लोहे का कण गया है?"

गेला होता. ग्राइंडरचा. कारखान्याच्या दवाखान्यात काढला होता. पण पूर्ण निघाला की नाही, मला ठाऊक नव्हतं. दाढांच्या काळजीत मी हे विसरूनच गेलो होतो. कण उरला असेल तर चुंबक तो डोळ्यातच ओढेल, म्हणून त्यांनी आधी डोळ्याचा एक्सरे काढला. मोठ्या डॉक्टरांनी तो पाहून कण नसल्याचं सांगितलं, तेव्हाच मला आत नेलं.

डोकं स्पंजात आवळलं, तोंडावर प्लास्टिकचा पिंजरा बसवला, हातात रबरी फुगा दिला. "कुछ गरम लगे, खिंचे, तो दबाना." नळीचं छत नाकाला लागेल इतकं जवळ. ठकठक सुरू झाली. मान हलवायची नव्हती, म्हणून जीभच टोप्यांवर फिरत राहिली. काही ओढत नव्हतं, तापत नव्हतं. तरी छातीवर कुणी बसल्यासारखं झालं. मी फुगा दाबला.

"दाँत में कुछ हुआ?"

"नाही. मले बाहेर काढा!"

मी उठून बसलो, घामाने भिजलेला. परत जाणार नाही म्हणालो. सोबत आलेली बायको दारातून सारं ऐकत होती. तिने त्या मुलीला विचारलं, "मी आत थांबली तर चालते काय?" मुलीने तिलाही अंगातल्या धातूबद्दलचे सगळे प्रश्न विचारले. बायकोने मंगळसूत्र, पिना, जोडवी काढून ठेवली, कानात कापूस घातला आणि माझ्या पायाचा अंगठा धरून उभी राहिली.

त्या अंगठ्याच्या आधाराने अर्धा तास निघाला.

फोटोत जबड्याजवळ काळे डाग आले, पण कानाची नस स्वच्छ दिसली. गाठ नव्हती. गोळ्यांनी तोल सावरला. कानातला आवाज मात्र थोडा राहिलाच. कारखान्यात सगळ्यांनी विचारलं, कसं झालं. मी म्हणालो, काही नाही, नुसतं पडून राहायचं असते.