टाकीतला पंप

फ्युएल पंप हातात दिला, की मिस्त्री आधी त्याच्या तोंडावर बोट ठेवायचे. जिथे रांग लागते तो पेट्रोल पंप नव्हे. इंजिनाला चिकटून बसतो तो, मुठीएवढा. एका हाताचं बोट पंपाच्या तोंडावर, दुसऱ्या हाताने त्याची दांडी दाबायची, नजर छताकडे लावायची आणि गप्प उभं राहायचं. मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली असायची. मी मुद्दाम विचारायचो, "मिस्त्री, नाडी लागली का?"

"लागली. धरतोय," असं म्हणून ते पंप पिशवीत टाकायचे. पंपाने बोट ओढून धरलं, तर आतला पडदा शाबूत, असा त्यांचा हिशेब होता. कंपनीची वॉरंटी वगैरे गोष्टी त्यांच्या लेखी दुकानदाराच्या मनाचं समाधान होत्या.

माझं स्पेअर पार्टचं दुकान नाशकातल्या द्वारका चौकापाशी आहे आणि त्यांचं गॅरेज आणि घर मागच्याच गल्लीत होतं. सायखेड्याहून ते तरुणपणी नाशकात आले, पण बोलणं तिकडचंच राहिलं. तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस असेल, ज्याचं नाव कोणी विचारत नाही आणि ज्याच्यावाचून कोणाचं चालतही नाही. पेट्रोलमध्ये हवा मिसळून इंजिनाला पाजणारा कार्बोरेटर हा त्यांचा जीव की प्राण. नवा कारागीर कार्बोरेटरशी झोंबाझोंबी करताना दिसला, की ते थांबून सांगायचे, "आरं, तान्हं पोर हाये ते. घोट घोट पितं. तहान बघून पाजावं."

पुढे कॉम्प्युटरच्या हिशेबाने पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्शनच्या गाड्या आल्या आणि कार्बोरेटर मागे पडला. मिस्त्रींच्या पोराने ते वेळीच ओळखलं. बापाच्याच पत्र्याच्या शेडमध्ये अर्ध्या भागात तो लॅपटॉप आणि स्कॅनर घेऊन बसला. नवी गाडी आली, की मिस्त्री हनुवटीनेच पोराकडे खूण करायचे आणि तोंड वाकडं करून म्हणायचे, "तिकडं न्या. डॉक्टर हायेत तिकडं." त्यातला अभिमान लपवायला ते तोंड काही पुरायचं नाही. पोरगा भारी कमी बोलायचा. बापाने शंभर गोष्टी ऐकवल्या, तरी त्याचं उत्तर एकच, "हं."

साध्या तापाचं निमित्त झालं आणि तो पोरगा गेला. बायको आणि लहान मुलगी मागे राहिली. मिस्त्री पुन्हा गॅरेज उघडायला लागले, पण शेडचा तो अर्धा भाग त्यांनी कधी वापरला नाही. दारात गाड्या उभ्या करायला जागा नसली, तरी तिकडे गाडी लावू दिली नाही.

पोराची एक जुनी छोटी गाडी होती. सून ओझरच्या एका दवाखान्यात नर्स आहे. तिची ड्यूटी वेळी-अवेळी, म्हणून ती गाडी आता ती चालवायची. एका पावसाळ्यात गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये पाणी शिरलं आणि गाडी जागची हलेना. एवढ्या जुन्या मॉडेलचा कॉम्प्युटर मी मुंबईपर्यंत शोधला, मिळाला नाही. भंगारात घाला, असंच सगळे म्हणाले.

मिस्त्री काउंटरवर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. म्हणाले, "शेठ, सुनेचं माहेर इगतपुरीचं. तिकडं तिला नोकरी मिळतीये. गाडी नसली तर ती म्हणती, आप्पा, मी तिकडंच जाते. नातपण जाईल." मग म्हणाले, "मला कॉम्प्युटर येत नाय. मला येतं ते करतो. कार्बोरेटर बसवतो."

मी हसलो नाही. याच इंजिनाला पूर्वी कार्बोरेटर यायचा, त्यामुळे काम होण्यासारखं होतं. अडचण पंपाची होती. इंजेक्शनच्या गाडीचा पंप टाकीत बुडलेला असतो आणि फार जोराने पेट्रोल फेकतो. कार्बोरेटरला त्याच्या दहाव्या हिश्श्याचा जोरही पुरतो. जास्त जोर झाला, की त्यातली पेट्रोल अडवणारी सुई उचलली जाते आणि पेट्रोल वरून सांडतं. हे सगळं मी मिस्त्रींकडूनच शिकलेलो.

"छोटा इलेक्ट्रिक पंप लावा. कमी जोराचा आहे," मी म्हणालो.

"गाडी ठोकली तरी तो पेट्रोल फेकत ऱ्हातो. पोरीबाळी बसणार तिच्यात."

"मग इंजिनावरचा मेकॅनिकल बसवा. ब्लॉकवर त्याची जागा पत्रा लावून बंद केलेली असते, तेवढा पत्रा काढायचा."

"पाह्यला काढून. आत फिरणाऱ्या कॅमला उंचवटा नाय. पंपाची दांडी हलवणार कोण?"

मिस्त्रींनी इंजिनाच्या बाबतीत सांगितलेली गोष्ट तपासायची पद्धत आमच्या बाजारात नव्हती. टाकीतलाच पंप ठेवून, मध्ये रेग्युलेटर घालून जोर कमी करायचा आणि उरलेलं पेट्रोल दुसऱ्या नळीने टाकीत परत सोडायचं, असं त्यांनी ठरवलं. रेग्युलेटर मीच शोधून दिला आणि गाडी चालू होताना बघायला मी गॅरेजवर गेलो.

सूनही आली होती. नात मागच्या सीटवर जाऊन बसली. मिस्त्रींनी किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्याच झटक्याला चालू झाली. आम्ही एकमेकांकडे बघून हसतोय तोवर कार्बोरेटर भरून वाहायला लागला. चालत्या इंजिनावर पेट्रोलचा ओघळ उतरला. मिस्त्रींनी झटकन गाडी बंद केली. सुनेने दार उघडून मुलीला उचललं आणि लांब नेऊन उभं केलं.

"दुसरा रेग्युलेटर बघतो," मिस्त्री म्हणाले.

सून जवळ आली. "आप्पा, टाकीतला पंप काढा."

"बघतो ना."

"तुम्ही सकाळी गाडीत बसून नुसती किल्ली फिरवता. मला खिडकीतून दिसतं." ती हळू बोलत होती. "तो पंप ह्यांनी जायच्या आधी बसवलेला. किल्ली फिरवली की हं म्हणतो. मलाही ऐकू येतं, आप्पा. पण मला या गाडीत हिला बसवायचंय."

तेव्हा मला कळलं, की कॉम्प्युटर मेल्यावरही मिस्त्रींनी वेगळी वायर ओढून तो पंप का चालू ठेवला होता. ते बराच वेळ फडक्याने इंजिन पुसत राहिले. मग म्हणाले, "त्यानं तर कालच काढला आस्ता. मलाच शिव्या घातल्या आस्त्या."

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले. "मेकॅनिकल द्या."

"अहो, पण कॅमला उंचवटा?"

"हाये."

"कधी कळलं?"

"पह्यल्याच दिवशी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खोकं न उघडताच ते पिशवीत टाकलं आणि निघून गेले. मला फार वाईट वाटलं. एवढ्या वर्षांत इंजिनाबद्दल ते एकदाच खोटं बोलले होते, आणि तेही माझ्याशी कमी, स्वतःशीच जास्त.

गाडी छान चालली. सून ओझरला जात राहिली आणि इगतपुरीचा विषय पुन्हा निघाला नाही. मिस्त्रींनी तिला चोकची सवय लावून दिली, प्लग पुसायला शिकवलं. पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी ते खुर्चीत बसल्या बसल्या गेले. पिंडाला पुतण्याने बसावं, पण अस्थी सुनेनेच सोडाव्यात, असं ते घरात सांगून गेले होते.

दहाव्याला रामकुंडावर जायला आम्ही जमलो, तर गाडी चालू होईना. ते गेल्यापासून ती उन्हात उभीच होती, कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून गेलं होतं. कोणी म्हणालं धक्का मारू, कोणी रिक्षा बघायला धावलं. सुनेने बॉनेट उघडलं, पदर खोचला आणि पंपाच्या बाहेरची छोटी दांडी अंगठ्याने दाबत राहिली. पेट्रोल वर चढलं. गाडी चालू करून तिने अस्थींचा कलश मुलीच्या मांडीवर दिला.

कुंडावर तिने ओंजळ पुढे केली. गुरुजी थबकले. "ताई, आधी हात धुवून घ्या. पेट्रोलचा वास येतोय."

"राहू द्या गुरुजी," ती म्हणाली. "त्यांना चालेल." आणि तशाच हातांनी तिने आप्पांना पाण्यात सोडलं.