खाडीची पहिली बोली

"खिडकी उघडा रे, आमची खाडी आली."

सर असं म्हणाले आणि बैठकीला आलेले दोघे प्राध्यापक हसले. मीही हसले. हसले नसते तर मला लागलंय हे त्यांना कळलं असतं, आणि ते कळू द्यायला मी घाबरत होते.

ठाण्याच्या नौपाड्यातलं सरांचं घर. ऊर्जा आणि पर्यावरणाच्या अर्थशास्त्राचं एक इंग्रजी त्रैमासिक सर तिथूनच काढायचे. मी सहसंपादक. म्हणजे संदर्भ तपासायचे, तक्ते जुळवायचे, प्रुफं वाचायची, कल्याणच्या छापखान्यात हेलपाटे घालायचे. शेवटच्या प्रुफावर माझी सही झाल्याशिवाय यंत्र सुरू करायचं नाही, असा सरांचा नियम. मान म्हणून नव्हे. चूक निघाली की ती माझी ठरावी म्हणून. बैठकीत माझी खुर्ची खिडकीपाशी. ते कुणी ठरवलं हे कधी बोललं गेलं नाही. घरून निघताना मी दोनदा साबण लावायचे. तरी त्यांचा जिना चढताना स्वतःचा हात हुंगायचे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. डोंबिवलीच्या पश्चिमेला, खाडीकाठी आमचं कोळ्यांचं गाव. बाप होडीवर, आई बाजारात पाटी घेऊन. तिच्या शेजारी बसून मी पाढे शिकले, भांडायला शिकले आणि भाव करायला शिकले. कॉलेजातली नोकरीही भांडूनच मिळवली. पण ती कच्ची. मला कायम करायचं की नाही हे ठरवणाऱ्या समितीत सर होते. माझ्या पीएचडीचे मार्गदर्शकही सरच. गळा माझा, हात त्यांचे. बाजारात, रिक्षावाल्यांपुढे मी कुणाचं ऐकून घेणारी नाही. सरांच्या हॉलमध्ये मात्र जीभ टाळूला चिकटायची. सरांचा आवाज जरा चढला की तळहात ओले व्हायचे.

त्या वर्षी एका वीज केंद्राला कोळशाची राख टाकायला जागा हवी होती. आमच्या काठची खाजणं, म्हणजे भरतीला पाण्याखाली जाणारी जमीन, त्यांनी हेरून ठेवली होती. खाडी जास्त मोलाची की राखेची सोय, हे सर अभ्यास करून सांगणार होते. पद्धत अशी: लोकांना विचारायचं, 'खाडी आहे तशीच राहावी म्हणून तुम्ही वर्षाला किती पैसे द्याल?' सगळ्यांची उत्तरं बेरजेला घेतली की ते खाडीचं मोल.

"मी जाते विचारायला," मी म्हटलं.

"नको. तू त्यांच्यातली. पक्षपात होईल."

सरांनी आपले विद्यार्थी पाठवले. लेख माझ्यापुढे आला तो थेट प्रूफ म्हणून. निष्कर्ष वाचला. आमच्या गावानं खाडीला इतकं हलकं मोल दिलं होतं की तिच्यात राख टाकणंच शहाणपणाचं ठरत होतं. तक्ते मी पुन्हा पुन्हा तपासले. बेरीज चोख होती.

घरी जाऊन आईवर ओरडले. "काय सांगितलंस त्या पोरांना?"

आई कोळंबी सोलत होती. "काय सांगनार? किती देशील बोलले. मी बोलली थोडेसे. पयल्या तोंडी खरा भाव कोन सांगतो गो?"

"मग?"

"मंग काय? ते वाढवून मागतील म्हनून थांबली. तं त्यांनी लिवून घेतलं नि उठली. मी हाक पन मारली, आरं थांबा रं, वाढवते! ती पोरं हसत गेली."

मी घरोघर फिरले. सगळ्यांनी तेच केलं होतं. आमच्यात घेणारा पहिला आकडा बोलतो तो फक्त बोलणं सुरू व्हावं म्हणून. मग विकणारा चिडतो, घेणारा उठून जातो, कुणीतरी हाक मारतं, आणि त्यानंतर कुठे खरा भाव निघतो. या विद्वानांनी 'या, बसा' एवढंच ऐकलं आणि सौदा झाला म्हणून लिहून घेतलं.

रविवारच्या बैठकीत मी बोलले. "सर, हे मोल नाही. ही पहिली बोली आहे. माणसं परत पाठवायला हवीत."

"अगं, हा मासळीबाजार नाही," सर म्हणाले. "प्रत्येक गोष्टीत तुमच्या लोकांची घासाघीस!"

पुन्हा हसणं. मग त्यांनी मला आतल्या खोलीत बोलावलं आणि दार लोटलं. संपलं, असं मला वाटलं. पण सरांचा आवाज मऊ होता, आणि त्याचीच जास्त भीती वाटली.

"लेखावर दुसरं नाव तुझं टाकू. गावातलीच मुलगी सोबत म्हटल्यावर कोण शंका घेतंय? आणि समितीची बैठक जवळ आलीय, लक्षात आहे ना?"

भाव कळला. चांगला भाव होता. शिकताना सहा घरची भांडी घासून, उसनी पुस्तकं आणून जे मागायला मी निघाले होते, ते सगळं एका वाक्यात समोर ठेवलं होतं. वाईट भाव असता तर मी तिथल्या तिथे उडवून लावला असता. मी "बघते सर" म्हटलं आणि जिना उतरताना कठडा धरला.

कल्याणच्या छापखान्यात शेवटचं प्रूफ लागलं. मी सही करत नाही असं कळल्यावर सर स्वतः आले. याआधी ते तिथे कधी आले नव्हते. मी कागदाच्या गठ्ठ्यावर बसले.

"कर सही."

"गावात परत माणसं पाठवा सर. मग करते."

"तू मला अट घालतेस?"

"हो सर."

"नोकरी जाईल."

"माहीत आहे."

"आणि पीएचडी?"

मी पेनाला टोपण लावलं आणि पेन पिशवीत टाकलं. छापखान्याचे मालक जमिनीकडे बघत होते. यंत्र बंदच होतं.

"शेवटी खाडी ती खाडीच," सर म्हणाले.

त्या दिवशी पहिल्यांदा मी हसले नाही.

अंक दुसऱ्या छापखान्यात छापला गेला. समितीनं मला कायम केलं नाही. आंबिवलीत शिकवण्या घेत, दुसऱ्या विद्यापीठात मी पीएचडी पुन्हा पहिल्यापासून केली. खाजणात राख आली. बापाची होडी काठावर उलटी पडली ती पडलीच. आई कधीकधी मधेच म्हणते, "मी हाक मारली होती गो."

आता नव्वदचं दशकही सरत आलंय. एका वेगळ्या त्रैमासिकाची मी संपादक आहे. लोकांना एकदाच विचारून उठून आलेला अभ्यास असला, तर लिहिणारा कितीही मोठा असो, मी परत पाठवते. खाडीकाठच्या दुसऱ्या एका गावापुढे तेच राखेचं प्रकरण आलंय, आणि पुरावा म्हणून सरांचा तोच लेख फिरतोय. मी त्या गावात जाऊन बसले. बायका चिडल्या, उठून गेल्या, मी हाका मारल्या. मी उठले, त्यांनी मला हाक मारली. भाव थांबेपर्यंत बसले. मग लेख लिहिला. त्यावर एकच नाव आहे.

उद्या ठाण्यात चर्चासत्र आहे. अध्यक्ष सर. मला तो लेख त्यांच्यासमोर वाचायचाय. तळहात ओले आहेत, तसेच. ही भीती जाईल असं मला आता वाटत नाही. नाही गेली तर तिला घेऊन जाईन.

साबण एकदाच लावणार आहे. खिडकीपाशी बसणार नाही. आणि वाचून झाल्यावर कुणी हसलं, कुणी खोलीत बोलावून दार लोटलं, तर सगळ्यांसमोर सांगणार आहे: हा शेवटचा भाव. यात घासाघीस नाही.