एकाची कळ

पुलगावात टायपिंग शिकला आणि कृष्णकांत सर माहीत नाहीत, असा माणूस सापडायचा नाही. अठ्ठावीस वर्षं त्यांनी जुन्या टाइपरायटर मशीनवर शिकवलं. एक चूक दिसली की अख्खा कागद टराटरा फाडायचे. माझे तर ढीगभर फाडले.

२००४ मध्ये त्यांच्या मुलीला, वेदश्रीला, बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत जायचं होतं. त्याशिवाय तिला दुसरं काही सुचत नव्हतं. ती समुद्रपूरच्या शाळेत तात्पुरती शिकवत होती आणि अर्जाची शेवटची तारीख आली, म्हणून सर माझ्या सायबर कॅफेत आले. फॉर्म मी भरला, पण ईमेलचा रकाना त्यांनी हट्टानं घेतला.

"सरक बे सुमीत. वेदूनं फोनवर मले सांगतलं हाये. नावापुढं आठ, एक."

टिंबानंतर त्यांनी सवयीनं जागा सोडली. लगेच लाल अक्षरं आली, पत्ता चुकीचा. सर खूश झाले. "पाह्य, चूक पकडते!" त्यांनी जागा काढली, खालच्या रकान्यात पत्ता पुन्हा टाइप केला. दोन्ही जुळले, फॉर्म गेला.

बोलावणं आलं नाही. ऑगस्टमध्ये वेदश्रीनं तिथं फोन लावला. मुलाखतीचं पत्र जूनमध्येच ईमेलनं पाठवलं होतं, जागाही भरली होती. त्यांनी पत्ता अक्षर-अक्षर वाचून दाखवला. आठापुढं एक नव्हता, इंग्रजी एल होता. सरांच्या मशीनवर एकाची कळच नव्हती; आम्ही सगळे छोट्या एलनंच एक काढायचो. फॉर्मला काय, ॲट हवं, टिंब हवं, मध्ये जागा नको. पलीकडं माणूस आहे का, हे त्याला कुठं विचारायचंय! मला अजून चीड येते.

"सुमीतभाऊ, बाबाले नको सांगजो," वेदश्री म्हणाली. "नंबर नाई लागला, एवढंच सांगतलं मी." ती रडली नाही. मी रडलो.

पुढच्या वर्षी सर माझ्याकडं वेदश्रीसाठी दुसऱ्या संस्थेचा फॉर्म स्वतः भरायला बसले. फोनच्या रकान्यात पुलगावचा कोड टाकला, शून्य सात एक पाच आठ. लाल अक्षरं आली, फक्त अंक लिहा. पुन्हा टाकला, पुन्हा लाल. मी गुपचूप वरच्या ओळीतल्या एकावर बोट ठेवलं.

सर त्या कळेकडं पाहत राहिले.

"मांगच्या साली बी मी..." त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. "वेदूले माहीत हाये?"

"हो, सर."

"मले समजलं म्हणून तिले नको सांगजो."

त्यानंतर ते कधी टाइप करायला बसले नाहीत. वेदश्री समुद्रपूरलाच राहिली. २००९ मध्ये सर गेले. तेराव्याला ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बरं झालं भाऊ, बाबाले कधी समजलं नाई."

मी हो म्हणालो.