भावाच्या तुरीच्या गाठी

वाटणीत धाकट्या भावाला खालचा तुकडा गेला आणि मला वरचा. पावसाचं पाणी माझ्या रानातली माती घेऊन त्याच्या रानात उतरतं, हे मी आजवर सगळ्या गावाला सांगत आलो. त्याचं पीक आलं की लोक त्याला शाबासकी देतात आणि माझ्या पोटात दुखतं. खोटं कशाला लिहू. मी दुसरी शिकलेला माणूस, पण पिकातलं मला कुणी शिकवावं असं कधी वाटलं नाही.

गेल्या साली दोघांनीही तूर पेरली. त्यानं गुळाच्या पाण्यात कसलीशी काळी भुकटी कालवून बियाण्याला चोळली, बियाणं सावलीत वाळवलं, पेरताना थोडं सुपर फॉस्फेट दिलं. बस. मी बियाणं तसंच पेरलं आणि तूर गुडघ्याला आली तसा युरिया फेकला. पाऊस झाला की पुन्हा फेकला. पोळ्यापर्यंत माझी तूर छातीला लागली, हिरवीगार, दाट. त्याची कमरेलाही नव्हती. रस्त्यानं जाणारा माणूस थांबून बघायचा. मी मुद्दाम बांधावर बसून राहायचो.

एका दुपारी भाऊ गावात गेलेला बघून मी त्याच्या रानात शिरलो आणि एक झाड उपटलं. मुळीला गाठीच गाठी. एक नखानं फोडली तर आत लालसर. माझं झाड उपटलं, त्याची मुळी साफ. मला लय बरं वाटलं. त्याच्या तुरीला रोग लागला होता. त्याला सांगावं असं मनात आलं नाही. सांगितलं ते चहाच्या हॉटेलात, चार माणसांत.

फुलोऱ्याच्या वक्ताला माझी तूर डोक्याच्या वर गेली. नुसता पाला. फूल थोडं, आलं तेही गळालं. बांधापलीकडं त्याच्या फांद्या शेंगांनी वाकलेल्या.

भाऊ बांधावर आला.

"दादा, माझ्या तुरीला रोग हाय म्हणायलाव म्हणं गावात."

"मुळीला गाठी हायत. डोळ्यानं बघितल्या."

"उपटून बघितलाव का?" तो हसला. "त्या गाठीतले जीव हवेतलं खत मुळीला देतेत. त्याच्यासाठीच तर भुकटी चोळली. तुमी आयतं वाढलाव, मग तुमच्या मुळीनं गाठी कशाला धराव्या? तूर माजली तुमची."

"तुझं रान खालचं हाय. माझी माती खायलीय तुझी तूर."

त्यानं बांधावरून दोन्ही रानांकडं एकदा बघितलं. मग म्हणाला, "बरं. येत्या मिरगाला अदलाबदल करू. तुमी खालचं पेरा, मी वरचं पेरतो. एका सालात कळंल."

आता मिरग तोंडावर आलाय. रोज सकाळी तो दारावरून जाताना विचारतो, "काय ठरलं दादा?" मी बघू म्हणतो. घरची म्हणते, चांगलं रान मिळायलंय, घ्या की. तिला काय सांगू? वरच्या तुकड्यात त्याची तूर शेंगांनी लदली, तर मला बोलायला काय उरतं.