भिंतीला घासत येणारे मामा

आमच्या वहिनीच्या मामांइतकं सोपं करून सांगणारा आणि तरीही ऐकणाऱ्याला पार गोंधळात टाकणारा माणूस मराठवाड्यात दुसरा नसेल. भोकरच्या एका लॅबमध्ये त्यांनी आयुष्यभर रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजल्या आणि निवृत्त झाल्यावर ते स्वतःच त्यांच्यातले एक झाले. नात्यात कुणाला काही झालं, की बोलावण्याची वाट न बघता मामा एसटीनं हजर. खबर त्यांना कशी लागते, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. आल्यावर तब्येत विचारायची नाही, नुसती सूज बघायची आणि खूश व्हायचं.

लातूरला स्कूटीवरून पडून माझा गुडघा भोपळ्याएवढा झाला, तेव्हा मामा हातातली पिशवीही खाली न ठेवता म्हणाले, "लई झकास सूज हाय, पाव्हणं." मग वॉर्डाच्या भिंतीला खांदा घासत ते निघाले. "मी पांढरी पेशी. रक्तातनं पळून राहिलो. जखमेनं हाक मारली की जवळच्या रक्तवाहिनीची भिंत चिकट होती. मग मी घरंगळतो, हळू होतो, चिकटतो, आन् फटीतनं भायेर." फट म्हणून त्यांनी माझी आत्या आणि नर्स यांच्यामधली जागा निवडली. नर्सच्या हातातला ट्रे खाली पडला.

"मामा, पेशी मदतीला आल्यात, तर दुखतं कशानं?" मी विचारलं.

"गर्दीनं."

"आणि नाही आल्या तर?"

"मग पाय जातो."

"काम झाल्यावर परत कधी जातात?"

"परत न्हाई जात. तिथंच संपतात."

या पेशींचे आभार मानावेत की त्यांना घाबरावं, हे मला तेव्हाही कळलं नाही.

गेल्या हिवाळ्यात सहज फोन केला, तर मामा आठ दिवसांपासून नांदेडच्या दवाखान्यात. काटा लागून हातात पू झालेला, एक बोट काढलेलं, सूज उतरली नाही तर दुसरंही जाणार होतं. मामी कधीच वारल्या, मूलबाळ नाही. तसाच एसटीनं तिथं पोचलो, तर पाहुण्यांच्या स्टुलावर मामांचीच पिशवी बसलेली. मला रागच आला.

"कळवायचं नाही का?"

"मला वाटलं, लागंल खबर. मला लागती की."

"जखमेनं हाक मारल्याशिवाय पेशी येत नाही, हे तुम्हीच सांगितलं होतं ना?"

मामा बँडेजकडे बघत राहिले. "हाव," ते हळूच म्हणाले, "ते ध्यानातच आलं न्हाई." त्यांचा गोंधळ उडालेला मी पहिल्यांदाच पाहत होतो आणि मला फार वाईट वाटलं.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "परत कधी जाणार, पाव्हणं?"

"आता न्हाई जात," मी म्हणालो, आणि पिशवी खाली ठेवून स्टुलावर बसलो.